दोनदा सांगणारा माणूस

कांबळेसाहेबांनी टेपरेकॉर्डरचं पॉजचं बटण आयुष्यात एकदाही दाबलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या एका बटणावरून आम्ही तेरा वर्षं भांडलो आणि शेवटी त्यांचंच खरं निघालं.

मी मुद्रितशोधक. राजारामपुरीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल आणि शाळांच्या स्मरणिका तपासण्यात माझी उमर गेली. एखादा शब्द चुकून दोनदा पडला की लाल पेनानं त्यातला एक उडवायचा, यावर माझं घर चाललं. आणि नेमका माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, राहायला आला तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारा माणूस.

एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारायचं काम. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकला नाही असा माणूस मिळणं कठीण. अंगानं किरकोळ, उंची बेताची, कायम पांढरा हाफ शर्ट. त्या एवढ्याशा देहातून असा भरदार आवाज निघायचा की नवखा माणूस त्यांच्या मागं आणखी कोण उभं आहे का ते बघायचा. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. खाली दूधवाला आला की गॅलरीतून पुकारा व्हायचा, "म्हशीचं एक लिटर. म्हशीचं एक लिटर." कांबळ्यांकडं पाहुणे आले की नाही, ते दुधाच्या मापावरून अख्ख्या गल्लीला कळायचं.

मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, एकदा सांगितलं तरी कळतं हो."

"तुमाला कळतंय, शुद्धलेखन," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारायचे. "एकदा सांगितलेलं निम्म्यांच्या डोक्यावरनं जातंय. कोण पोरगं शोधत असतंय, कोण बिडी पेटवत असतंय. दुसऱ्यांदा सांगितलं की म्हातारीची बी गाडी चुकत न्हाई."

या पुकारण्यामागं एक जुनी गोष्ट होती. ती मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. कागलजवळच्या त्यांच्या गावात दवंडी द्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराच्या माथी मारलेलं होतं. छप्पन सालानंतर घर बौद्ध झालं आणि वडिलांनी हलगी चावडीत नेऊन ठेवली ती कायमची. "आन् मी बघा," कांबळेसाहेब हसत म्हणाले, "परत पुकारायच्याच कामाला लागलो. पर खुर्चीवर बसून, पंख्याखाली. माझ्या आवाजावर पाटील बी पळायचा आन् इनामदार बी, गाडी चुकंल म्हणून." हे सांगताना त्यांना मनापासून मजा वाटत होती.

त्र्याण्णव साली ते रिटायर झाले. डेपोतल्या मंडळींनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. साहेबांनी आधीच निरोप धाडला की घड्याळ नको, जन्मभर घड्याळच बघितलंय. मग वर्गणीतून टू-इन-वन आला, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला. आता याचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकी, त्यावर धूळ बसू नये म्हणून टॉवेल घालून ठेवायच्या.

दिवाळीच्या आधी एक दिवस माझ्या दारात दोन मुली उभ्या राहिल्या. पलीकडच्या गल्लीत अंध मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या. त्यांतली पुढची म्हणाली, "कंट्रोलर हितंच ऱ्हात्यात व्हय?" मी त्यांना वर घेऊन गेलो. ती शोभा. कोडोलीची, म्हशी असलेल्या शेतकऱ्याच्या घरातली, बारावीला होती. आमच्याकडच्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायची. माझ्यातल्या मुद्रितशोधकाच्या तिथंच कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमचा आवाज बंद झाल्यापास्नं मला कोडोलीची गाडी घावंना झालीया," तिनं आल्या आल्या तक्रार केली. "नवं साहेब एकदाच सांगत्यात."

काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहेब गंभीर होते. "मग आता मी काय करू म्हणतीस?"

"तुमी रिटायर झालासा, पर माझी बारावी ऱ्हायलीया की! इतिहासाचं पुस्तक वाचून दावायला कोण न्हाई. तुमी टेपवर वाचून दिलंसा तर माझ्या टकुऱ्यात बसंल."

काकींनी टू-इन-वनवरचा टॉवेल काढला.

त्यांचं वाचन म्हणजे बसस्टँडच होतं. "पान क्रमांक बेचाळीस. पान क्रमांक बेचाळीस. औद्योगिक क्रांतीची कारणे तीन. औद्योगिक क्रांतीची कारणे तीन." छापील मजकूर ते अगदी पुस्तकी मराठीत म्हणायचे, माईकवर म्हणायचे तसा. आणि मध्येच, रेकॉर्डिंग चालू असतानाच, घरच्या भाषेत उतरायचे. "थांब जरा पोरी, चष्मा घसरला." खाली भंगारवाला ओरडला तर तोही इतिहासात जमा. कुकरची शिट्टी जमा. आणि दर दहा मिनिटांनी आतून काकींचा आवाज, "अवं, च्या निवतोय की!" त्यावर साहेबांचं ठरलेलं उत्तर, "आलो, आलो." की पुन्हा, "कारण क्रमांक तीन. कारण क्रमांक तीन."

मला हे ऐकवेना. मी त्यांना पॉजचं बटण दाखवलं, स्वतः दाबूनही दाखवलं. काकी बोलायला लागल्या की हे दाबायचं, त्या थांबल्या की सोडायचं. मजकूर कसा स्वच्छ येईल.

"न्हाई दाबणार," साहेब म्हणाले.

"का पण?"

"खट्ट वाजतंय, मग एकदम काय न्हाई. त्या पोरीला दिसत न्हाई. तिला वाटंल, माणूस उठून गेला. आवाज चालू पायजे. मग कुकर वाजूदे न्हाई तर काय बी वाजूदे. तिला कळलं पायजे मी हितंच हाय."

मला ते पटलं नाही. हट्टी माणूस आहे, असं घरी येऊन बायकोला सांगितलं.

शोभाची परीक्षा झाली आणि ती पेढे घेऊन आली, निकालाच्या आधीच. इतिहासाच्या पेपरात औद्योगिक क्रांतीची कारणं आली होती. अंध मुलांना उत्तर लिहून द्यायला लेखनिक मिळतो, तशी एक दहावीची मुलगी तिच्याजवळ बसली होती. शोभानं दोन कारणं सांगितली आणि तिसऱ्याशी अडली. लेखनिक मुलगी पेन धरून बसली. पर्यवेक्षक जवळ आले, "पुढं काय, सांग लवकर."

"थांबा सर, कुकर व्हायचाय," शोभा म्हणाली.

पर्यवेक्षकांना वाटलं मुलीला ताप चढला. शोभा मात्र डोक्यात कॅसेट ऐकत होती. शिट्टी झाली, काकी म्हणाल्या मेथी निवडून ठेवलीया, साहेब म्हणाले बरं, आणि लगेच तिसरं कारण आलं. ते तिनं धाडकन सांगितलं. काकी त्या दिवसापासून आपणही शिकवतो असं धरून चालल्या, आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी सात मुली आल्या, त्याच्या पुढं वीस. कॅसेटी कुठून आणायच्या? साहेबांनी गल्लीत पुकारा केला. लोकांनी जुन्या कॅसेटी दिल्या: भजनं, सिनेमाची गाणी, कुणाच्या बारशाचं रेकॉर्डिंग. कॅसेटच्या वरची भोकं चिकटपट्टीनं बुजवली की त्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हे ते शिकले. काकी लेबलं लिहायच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या गोल गोल अक्षरात. मुलींना बोटानं ओळखता यावं म्हणून साहेब कडेला पात्यानं खाचा पाडायचे, एक खाच म्हणजे इतिहास, दोन म्हणजे मराठी. धडा संपून टेप उरली तर दोन क्षण खरखर व्हायची आणि पुसायची राहिलेली एखादी गवळण मागून सुरू व्हायची. मुलींना तो बोनस वाटायचा.

इंग्रजीला साहेब घाबरायचे. ते काम माझ्याकडं आलं. मी पॉज दाबून, उच्चार सांभाळून, एकही चूक न करता वाचलं. मुली म्हणाल्या, "सर, तुमची कॅसेट लई स्वच्छ हाय." मी सुखावलो. "पर झोप येती," एक जण पुढं म्हणाली.

मे महिन्यात सगळ्या कॅसेटी परत यायच्या आणि जूनपासून नव्या मुलींसाठी त्यांच्यावरच नवं वाचन. डिसेंबरअखेर सगळे विषय पुरे झालेच पाहिजेत, हा दंडक. म्हणजे मुलींना उजळणीला दोन महिने मिळतात. आणि एकतीस डिसेंबरला, दुपारी चार वाजता, शेवटची कॅसेट व्हायची. तिच्यात पुस्तक नसायचं.

एकतीस डिसेंबरला आमच्याकडं सकाळपासून मटणाच्या दुकानापुढं रांगा लागतात. दुपारी घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा शिजत असतो आणि संध्याकाळी चौकात मंडळाची पोरं दारूऐवजी दूध प्या म्हणून मसाला दूध वाटतात, मोठ्या स्पीकरवर गाणी लावून. ती गाणी सुरू व्हायच्या आत साहेबांना रेकॉर्डिंग उरकायचं असायचं. खिडकीजवळ खुर्ची, मागं बुद्धाच्या तसबिरीपुढं काकींनी ठेवलेली शेवंतीची फुलं, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर टू-इन-वन. पहिल्या वर्षी मी छापखान्यात होतो. दुसऱ्या वर्षापासून मात्र अर्धी रजा टाकून हजर राहायचो, पॉजच्या बटणावर नजर ठेवून.

"लक्ष द्या, लक्ष द्या. वर्ष एकोणीसशे शहाण्णव, फलाट क्रमांक बारावरून सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपले सामान तपासून घ्यावे." हे दोनदा. मग वर्षभराचा पाढा. गल्लीत कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलगी झाली, दवाखान्यापुढचं गुलमोहराचं झाड कसं पाडलं. आपण त्या वर्षी कुणाशी उगाच भांडलो, हेही ते सांगून टाकायचे. त्यात माझं नाव असायचंच. शेवटी प्रश्न: "यंदा आपण कुणाला काय दिलं? रिकाम्या हातानं नव्या गाडीत चढायचं न्हाई. पैसं सांगू नका. पैसं सोडून काय दिलं ते सांगा."

ही निव्वळ बोलायची गोष्ट नव्हती. मे महिन्यात कॅसेट परत करताना मुलीला हिशेब द्यावा लागायचा. एकीनं सांगितलं, खिडकीजवळची आपली कॉट तिनं खोलीतल्या दुसरीला दिली, कारण तिला वारं आवडतं. साहेबांनी कॅसेट घेतली. दुसरीनं वसतिगृहातल्या मावशींना पेटीवर एक भजन शिकवलं. साहेबांनी घेतली. तिसरी म्हणाली, "मी भावाला माफ केलं."

"माफी बी देण्यातच येती," साहेब म्हणाले. "त्याला सांगितलंस काय?"

"न्हाई."

"मग अजून तुझ्याच खिशात हाय की. जा, कोपऱ्यावर फोन हाय. करून ये, मग कॅसेट घेतो."

ती खरंच गेली. पाऊण तासानं नाक पुसत परत आली आणि कॅसेट देऊन गेली.

मी सुटलो नाही. एका वर्षी मी सांगितलं, अनाथाश्रमात स्वेटर दिला. चांगला, लोकरीचा. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला घट्ट व्हायला लागलेला व्हय?"

"हो, जरासा."

"मग दिला कुठं? काढला."

मला राग आला आणि तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मी ठरवलं, दर रविवारची सकाळ वसतिगृहाला द्यायची. रविवारची सकाळ मला घट्ट होत नव्हती, चांगली सैल आणि सुखाची होती, म्हणूनच ती देताना जड गेलं. हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं असणारच.

या सगळ्यात एकच कॅसेट हरवली. पहिल्या वर्षीची, एकतीस डिसेंबरची, शोभाकडं होती ती. परत करायच्या वेळी ती म्हणाली, टेप गुंडाळली, तुटली, टाकून दिली. "तुटली तर जोडता येती की. आणायची हुतीस," साहेब म्हणाले. फाटलेली टेप नखाएवढ्या चिकटपट्टीनं जोडण्यात ते तरबेज झाले होते, आणि एक दुरुस्ती हातची गेली याचं त्यांना वाईट वाटलं. शोभा पुढं शिकली, सांगलीत एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाली, लग्न झालं. तरी भेटली की साहेब तिला 'कॅसेट खाणारी' म्हणायचे, दोनदा.

बाकीच्या सगळ्या कॅसेटी पुसल्या गेल्या, वर्षामागून वर्ष. एकतीस डिसेंबरच्याही. मी म्हणायचो, एखादी तरी जपून ठेवा. ते म्हणायचे, "सुटलेली गाडी परत फलाटावर कशाला लावायची? टेप मोकळी असली तर एका पोरीचा भूगोल मावतोय." स्वतःचा आवाज तर त्यांनी कधी ऐकलाच नाही. बोललो ते बोललो, ऐकायचं काम पोरींचं.

दोन हजार एकच्या पावसाळ्याच्या तोंडाला, त्या वर्षीचं वाचन सुरू व्हायच्या आतच, काकी गेल्या. आजार असा नव्हता, दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. पंधरा दिवसांनी वरून पुन्हा "पान क्रमांक सतरा" ऐकू आलं आणि आम्हा खालच्यांना बरं वाटलं. साहेब पूर्वीसारखंच वाचायचे. पॉज तेव्हाही दाबला नाही. फक्त मागचं स्वयंपाकघर गप्प झालं होतं. दर दहा मिनिटांनी ते वाचता वाचता जरासे थांबायचे, आणि काही न येता पुढं जायचे. ते वर्ष संपताना माझ्या डोक्यात लखकन आलं की काकी जिच्यात बोलल्या अशी एकही कॅसेट आता उरलेली नाही. जूनपासून साहेबांनीच एकेक करून सगळ्या पुन्हा भरल्या होत्या. मी विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "व्हय. ध्यानात आलंय माझ्या." आणि कपबशी विसळायला उठले. एक कपबशी विसळायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

मग सीडी आल्या. एका संस्थेनं काचेची खोली, कॉम्प्युटर, मोठा माईक असं सगळं उभं केलं आणि अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करायला घेतली. चांगलं काम होतं, माणसं नम्र होती. साहेबांचं नाव मीच सुचवलं. तिथं अट एवढीच: मजकूर एकदाच वाचायचा, मध्ये बोलायचं नाही, आणि 'हाय-न्हाय' नको. साहेब तीन दिवस गेले. काच बघून त्यांना पहिल्या दिवशी बरं वाटलं, स्टँडवरची खोली आठवली. सीडी सुरेख झाली. मी एकही चूक काढू शकलो नाही. वसतिगृहात लावली तर मुली शांतपणे ऐकत राहिल्या, आणि धडा संपल्यावर एकीनं विचारलं, "ह्ये कोण वाचतंय?"

मी येऊन हे सांगितलं तर साहेब पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी अकरा वर्षं त्यांना जे करायला सांगत होतो, ते शेवटी झालं होतं. पण त्यात माणूस नव्हता. ते मान्य करायला मला आणखी थोडे दिवस लागले.

साहेबांचा सीडीवर मात्र राग नव्हता. सीडीही चालू राहिली आणि वरच्या मजल्यावरच्या कॅसेटीही. नव्या वस्तूंशी त्यांचं भांडण नसायचंच, त्या वापरणाऱ्यांशी असायचं. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि डिसेंबरअखेर एकाच छापाचे शुभेच्छांचे मेसेज येऊ लागले, तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांना एकच मेसेज म्हंजे गाडी सुटतीया म्हणून सांगायचं आन् कुठली ते सांगायचं न्हाई." ते स्वतः एकेकाला फोन लावायचे. नाव घेऊन शुभेच्छा द्यायचे, आणि पुन्हा एकदा द्यायचे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. आधी आलं, मध, हळद झालं. मग डॉक्टर. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन वेळेत झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती कुजबुज, कान तोंडाजवळ नेल्याशिवाय न कळणारी. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच. साहेबांनी बाजारातून लहान मुलांची पाटी आणली आणि तिच्यावर लिहून बोलायला लागले. मी त्यांच्या पाटीवरच्या ऱ्हस्वदीर्घाला हात लावला नाही, हे नमूद करतो.

प्रकृती सुधारली. संध्याकाळी चौकापर्यंत जाऊन यायचे, जेवण जायचं, चेहऱ्यावर तेज आलं. पण डिसेंबर लागला तसे ते खिडकीशी बसून राहू लागले. तीस तारखेला मी वर गेलो तर त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "यंदा पोरींना काय देऊ?" आणि त्याखाली पुन्हा, "यंदा पोरींना काय देऊ?"

हा माणूस तेरा वर्षं लोकांना विचारत आला होता की पैसे सोडून काय दिलं, आणि त्याच्याजवळ द्यायला जे एकच होतं ते गेलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही पाटीवर लिहा, मी वाचतो उद्या."

त्यांनी पाटी पुसून लिहिलं, "झोपत्याल." आणि माझ्याकडं बघून हसले.

एकतीसला दुपारी चार वाजता आम्ही वसतिगृहाच्या हॉलमध्ये गेलो. यंदा मुलींनीच बोलावलं होतं. टू-इन-वन मी उचलून नेला, कॅसेट भरायची नसली तरी तो बरोबर असावा असं वाटलं म्हणून. सतरंजीवर पंचवीसेक मुली बसल्या होत्या. काही जुन्या, लेकुरवाळ्याही आल्या होत्या. साहेब पुढं खुर्चीवर बसले, मांडीवर पाटी घेऊन. त्या पाटीचा तिथं काहीच उपयोग नव्हता, हे त्यांना बसल्यावर कळलं. त्यांनी ती खाली ठेवली.

तेवढ्यात शोभा उठली. सांगलीहून सकाळच्या गाडीनं आली होती. हातानं खुर्चीची कड चाचपत ती साहेबांपुढं आली आणि पर्समधून कॅसेट काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

"मी खोटं बोललो हुतो साहेब," ती म्हणाली. "तुटली बिटली काय न्हाई. त्यात तुमी माझं नाव घेतलतासा. माईकवरनं माझं नाव तवर कुणी घेतलं न्हवतं. मला परत द्यावंसं वाटंना."

साहेबांनी कॅसेट उलटसुलट केली. कडेला एकही खाच नव्हती. लेबलवर काकींची गोल अक्षरं होती, 'शेवटची, शोभासाटी'. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मग माझ्याकडं दिली. मी टू-इन-वनमध्ये घातली.

"लक्ष द्या, लक्ष द्या. वर्ष एकोणीसशे त्र्याण्णव, फलाट क्रमांक बारावरून सुटण्याच्या तयारीत आहे." तो भरदार आवाज हॉलभर झाला आणि मुलींनी एकदम हातात हात घेतले. नव्या मुलींनी तो कधी ऐकलाच नव्हता. साहेबांनीही नाही. ते आपल्या आवाजाकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघत होते. "यंदा मी काय दिलं? खुर्ची दिली. मनात नसताना दिली, पर दिली. आन् कोडोलीच्या शोभानं मला काय दिलं सांगू? काम दिलं. कोडोलीच्या शोभानं मला काम दिलं."

आणि मग, त्या बोलण्याच्या मागून, लांबून, स्वयंपाकघरातून:

"अवं, च्या निवतोय की! किती बोलतासा त्या डबड्यासंगं!"

"आलो, आलो," टेपवरचे साहेब म्हणाले.

खुर्चीवरच्या साहेबांचे ओठ हलले. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. "आलो."

टेपवर खुर्ची सरकली, पावलं गेली. बटण अर्थातच कुणी दाबलं नव्हतं. बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. काकी म्हणाल्या, साखर जास्त झाली का बघा. साहेब म्हणाले, न्हाई, बरोबर हाय. मग घोट घेतल्याचे आवाज, काकींचं कशावरून तरी हसणं, खाली गल्लीत सायकलची घंटा. दोन माणसं चहा पितायत, एवढंच. तीनचार मिनिटं ते चाललं. मी नसतं का उडवलं ते लाल पेनानं? तिथं बसून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मग खट्ट झालं आणि टेप संपली.

साहेबांचा आवाज गेलेला, मुलींना दिसत नाही. शोभानं खुर्चीच्या दिशेनं मान वळवली आणि जरा घाबरून विचारलं, "साहेब? हाईसा न्हवं?"

साहेबांनी चष्मा काढला होता. चेहरा ओला होता आणि इतका निवांत, की काकी गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. माझ्याकडं बघत तशीच धरून ठेवली.

"हितंच हाईत," मी म्हणालो. "दोनदा लाव म्हणत्यात, शोभा. दोनदा लाव म्हणत्यात."